इष्टुर फाकड्याची समाधी

द्रुतगती मार्गावरील उर्से टोलनाका आपणांस ठाऊक असेल. तेथून जवळच असलेल्या वडगाव मावळात, पोलीस ठाण्याच्या आवारात, एका इंग्रजी फौजेच्या सरदाराचे दगडी थडगे आहे. इंग्लंडातील खेडोपाडी चर्चच्या अंगणात अशी थडगी असतात. ती राखतात मृताचे वंशज आणि गावकरी. येथे ते राखले ज्यांच्यावर तो चालून आला त्यांनी. लोक त्याला समाधी म्हणतात आणि हात जोडतात.

हा कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवावयाचे म्हणून मुंबईकर इंग्रजांनी १७७८ च्या अखेरीस सुमारे ३,९०० माणसांची फौज धाडली. सोबत सामानाचे हजारो बैल. सेनापती कर्नल इगर्टन आजारी, त्याच्या डोक्यावर सल्लागारांची समिती आणि चाल दिवसाला जेमतेम मैलभर! या सुस्त लष्करात स्ट्युअर्ट वेगळा होता. बोरघाट चढून खंडाळा आधी धरला तो त्यानेच.

मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. भिवराव पानशांच्या तोफा आणि घोडेस्वारांच्या टोळ्या वाटेत छळत राहिल्या. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने स्ट्युअर्ट ठार झाला. झाडावर चढून तो मराठी फौज न्याहाळत होता, असे परंपरा सांगते.

पुढचे सर्वांस माहीत आहे. ९ जानेवारीस फौज तळेगावी पोहोचली तो गाव जाळून ओस केलेला. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून इंग्रज मागे फिरले, वडगावात वेढले गेले आणि महादजी शिंद्यांशी तह करून सुटले. तहाचे ओलीस म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्ट्युअर्ट मागे राहिले. हा दुसरा स्ट्युअर्ट. दोघांची गल्लत करू नये.

आता नावाविषयी. स्टेशनचे ‘इस्टेशन’ करणारी जीभ स्ट्युअर्टचे ‘इष्टुर’ करते, यात नवल नाही. लक्ष द्यावे ते ‘फाकडा’ या शब्दाकडे. फाकडा म्हणजे देखणा, बेडर, मर्दानी. हे बिरुद मानाजी शिंदे, कोन्हेरराव एकबोटे अशा आपल्याच नामांकित वीरांना लाभलेले. तेच मराठ्यांनी शत्रूपक्षाच्या एका कॅप्टनला दिले. इगर्टनला नाही आणि तह करणाऱ्यांपैकीही कोणाला नाही. याला भोळेपणा म्हणणे मला पटत नाही. ती सैनिकांनी सैनिकाची केलेली पारख होती.

कलकत्त्याच्या इंग्रजांनी वडगावचा तह मानला नाही. युद्ध लांबले आणि १७८२ मध्ये साळबाईचा तह झाला. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, तेव्हाही ‘इष्टुर फाकडा’ हे नाव या मुलुखात लोकांच्या तोंडी होते, आणि त्याने ते नोंदवून ठेवले.