‘चॅरिटी’ या शब्दाची कुळकथा

‘चॅरिटी’ हा इंग्रजी शब्द आमच्या धर्मग्रामांत कोणालाही अपरिचित नाही. मदर तेरेसा यांनी १९५० साली कोलकात्यात स्थापन केलेल्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ या संघाच्या नावात तो आहे. सार्वजनिक न्यासांची नोंदणी ज्यांच्याकडे होते त्या ‘चॅरिटी कमिशनर’च्या, म्हणजेच धर्मादाय आयुक्तांच्या, पाटीवरही तो आहे. श्रद्धा, आशा आणि प्रीती या तीन ईश्वरविषयक सद्गुणांपैकी तिसऱ्याचे इंग्रजी नावही तेच. आणि एखादा स्वाभिमानी गरीब जेव्हा ‘आम्हाला कोणाची चॅरिटी नको’ म्हणून दार लोटून घेतो, तेव्हाही शब्द तोच असतो. ईश्वराची प्रीती, सरकारचा कायदा आणि माणसाची मानहानी हे तिन्ही अर्थ एका शब्दाच्या छपराखाली कसे आले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

संत पौलाने करिंथकरांस पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात ‘अगापे’ हा ग्रीक शब्द योजला. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांचे लॅटिन भाषांतर सिद्ध होऊ लागले. पुढे ‘व्हल्गेट’ या नावाने रूढ झालेल्या त्या लॅटिन पवित्र ग्रंथात या ठिकाणी ‘कारितास’ हा शब्द आहे. ‘कारुस’ म्हणजे प्रिय, आणि महाग, मोलाचाही. जे मोलाचे वाटते त्याविषयीची प्रीती ती कारितास. फ्रेंच भाषेच्या वाटेने बाराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला आणि ‘चॅरिटी’ झाला. ‘लव्ह’ हा अस्सल देशी शब्द तेथे आधीपासून होताच. अशा रीतीने एका घरात दोन जावा नांदू लागल्या. भांडण पेटले ते सोळाव्या शतकात.

विल्यम टिंडल यांनी ग्रीकवरून केलेला नवा करार १५२६ साली जर्मनीतील वर्म्स येथे छापला गेला. त्यात त्यांनी ‘चॅरिटी’ काढून ‘लव्ह’ घातला. १५२९ साली सर थॉमस मोर यांनी त्यावर कडाडून टीका केली. ‘लव्ह’ म्हणजे कोणतीही आसक्ती, भली वा बुरी. ‘चॅरिटी’ म्हणजे ईश्वराला अनुसरणारी शुद्ध प्रीती. हा भेद पुसला तर साध्या वाचकाची दिशाभूल होईल, असे त्यांचे म्हणणे. टिंडल यांनी १५३१ साली उत्तर दिले. लोकांच्या बोलण्यात ‘चॅरिटी’ म्हणजे भिक्षा किंवा दयाबुद्धी. शिवाय या शब्दाचे क्रियापद होत नाही. देवावर व शेजाऱ्यावर ‘लव्ह’ करा असे सांगता येते, ‘चॅरिटी’ करा असे नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. ‘चर्च’, ‘प्रीस्ट’, ‘पेनन्स’ हे शब्दही टिंडल यांनी बदलले होते आणि त्यांच्या मागे ख्रिस्तसभेची संपूर्ण रचना उभी होती. मोर यांनी राजाला ख्रिस्तसभेचा प्रमुख मानण्यास नकार दिला आणि जुलै १५३५ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ साली ते संतपदाला पोहोचले. टिंडल यांना ऑक्टोबर १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळील व्हिल्व्होर्ड येथे गळा आवळून मारले आणि देह जाळला. प्रीतीच्या शब्दावर वाद घालणाऱ्या दोघांनाही त्या काळाने प्रीती दाखवली नाही. आणि संत मोर यांची लेखणीही पाखंडी ठरलेल्यांविषयी फार कठोर होती, हे आम्ही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पुढची गंमत अशी, की १५८२ सालच्या ऱ्हीम्स येथील कॅथलिक भाषांतराने ‘चॅरिटी’ राखलाच, पण १६११ सालच्या प्रॉटेस्टंट राजमान्य भाषांतरानेही तेराव्या अध्यायात तोच ठेवला. १८८१ सालच्या सुधारित आवृत्तीत मात्र तेथे ‘लव्ह’ आला.

दरम्यान ‘चॅरिटी’चा अर्थ आटत चालला होता. १६०१ साली एलिझाबेथ राणीच्या राजवटीत धर्मादाय निधींविषयी कायदा झाला आणि हा शब्द कचेरीत जाऊन बसला. आमच्या धर्मादाय आयुक्तांचे इंग्रजी पदनाम याच परंपरेतले. ‘आम्स’ म्हणजे भिक्षा, ‘बेनेव्होलन्स’ म्हणजे भले चिंतणे, ‘फिलान्थ्रॉपी’ म्हणजे मानवप्रेम, असे सोबती त्याला मिळाले. पण या घोळक्यात त्याची जुनी ऊब हरवली. अतिशय थंड वस्तूला ‘चॅरिटीसारखी थंड’ म्हणण्याची रीत इंग्रजीत पडली. प्रीतीच्या शब्दावर याहून मोठा आघात कोणता?

मराठी वाचकाने मात्र हसू नये. इंग्रजी ‘लव्ह’ आणि आपला ‘लोभ’ एकाच प्राचीन धातूची लेकरे आहेत. लोभ हे एक महापाप. तरी पत्राच्या शेवटी आपण ‘लोभ असावा’ असेच लिहितो! मोर यांना जी भीती वाटली ती आपल्या भाषेनेही अनुभवली आहे. ऱ्हीम्सचा नवा करार निघाला तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यात येऊन तीन वर्षे झाली होती. १६१६ साली प्रसिद्ध झालेले ख्रिस्तपुराण रचताना त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता: श्रद्धेचा आशय या मातीतल्या कोणत्या शब्दांत ओतावा? स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ घेतला. ‘प्रीती’ हा शब्द आपल्या प्रार्थनांत रुजला, हे आम्ही आपले भाग्य समजतो. कारण त्याला भिक्षेचा वास लागलेला नाही.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या ‘देउस कारितास एस्त’ या २००५ सालच्या विश्वपत्राचा इंग्रजी अनुवाद ‘लव्ह’ने सुरू होतो, तर ‘कारितास इन वेरिताते’ या २००९ सालच्या विश्वपत्राचा ‘चॅरिटी’ने. जणू मोर आणि टिंडल दोघेही थोडे थोडे बरोबर होते. कृतीवाचून प्रीती पोकळ. प्रीतीवाचून दान थंड.

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी जी मंडळी स्थापली, तिचे पहिले नाव ‘कॉन्फरन्स ऑफ चॅरिटी’. आज ती सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था म्हणून धर्मग्रामांत परिचित आहे. तिचा आरंभापासूनचा नेम असा, की मदत पाठवून द्यायची नाही, गरिबाच्या घरी स्वतः जाऊन बसायचे. दानपेटीत नोट टाकताना आम्हाला फारसे काही द्यावे लागत नाही. शेजाऱ्याच्या ओसरीवर तासभर टेकताना स्वतःला द्यावे लागते. ‘कारुस’ म्हणजे मोलाचा. ज्याच्या दारी आपण गेलो तो आपल्याला मोलाचा वाटतो, हे त्याला जाणवले, तर त्या शब्दाचा हरवलेला अर्थ त्या ओसरीवरच परत येतो.