मुंबई बंदरातील जलवाहतुकीची सुरक्षितता

मुंबई बंदर हे मुंबई बेट आणि पूर्वेकडील उरण–न्हावा शेवा किनारा यांच्यामधील नैसर्गिक बंदर आहे. मुंबई पोर्ट (१८७३) व जवाहरलाल नेहरू बंदर (१९८९) ही दोन प्रमुख बंदरे, नौदलाची गोदी, जवाहर द्वीपावरील तेलाचे धक्के, ससून गोदी व भाऊच्या धक्क्यावरील मासेमारी नौका आणि गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरी व मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी लाँचेस या सर्वांना येथे एकाच पाण्यातून वाट काढावी लागते.

मुख्य जलमार्ग

बंदराचे पात्र रुंद दिसत असले, तरी मोठ्या जहाजांना पुरेशी खोली केवळ गाळ उपसून राखलेल्या अरुंद मार्गातच मिळते. बंदरात शिरताना या मार्गाच्या डाव्या कडेला लाल व उजव्या कडेला हिरवे बोये असतात. प्रॉंग्ज आणि संक रॉक ही दीपगृहे बंदराच्या तोंडाशी आहेत. स्थानिक पाण्याची जाण असलेला पायलट जहाजावर चढून कप्तानाला मार्गदर्शन करतो.

अशा जहाजाला चटकन थांबता येत नाही आणि वेग फार कमी केल्यास सुकाणूही नीट लागू पडत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाजाच्या पुढील भागापासून दोन जहाजलांबी किंवा ५०० मीटर, यांपैकी जे कमी असेल तितक्या अंतरापर्यंतचे पाणी नियंत्रण कक्षातून झाकलेले राहिले तरी चालते. लाँचच्या सारंगाला समोरचे जहाज स्पष्ट दिसते, म्हणून जहाजावरूनही आपण दिसत असू, असे त्याने गृहीत धरणे धोक्याचे ठरते.

नियम

समुद्रातील टक्करप्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले व १९७७ पासून लागू झाले. दोन यांत्रिक नौकांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर जिला दुसरी नौका आपल्या उजव्या बाजूस दिसते तिने बाजूला व्हावे. समोरासमोर आल्यास दोघींनी उजवीकडे वळावे. खुल्या समुद्रात यांत्रिक जहाजाने मासेमारी करणाऱ्या नौकेला वाट द्यायची असते. अरुंद जलमार्गात मात्र २० मीटरपेक्षा लहान नौका, शिडाच्या नौका आणि मासेमारी करणाऱ्या नौका यांनी, त्या मार्गातूनच जाऊ शकणाऱ्या जहाजाला अडथळा करू नये, असा नियम आहे. हा फरक बहुधा लक्षात घेतला जात नाही. त्याने मोठ्या जहाजाची टक्कर टाळण्याची जबाबदारी संपत नाही, हेही तितकेच खरे. भोंग्याचा एक लघुस्वर म्हणजे उजवीकडे वळण, दोन म्हणजे डावीकडे. पाच किंवा अधिक जलद स्वर म्हणजे समोरच्याचा हेतू कळत नसल्याचा इशारा.

प्रमुख अपघात

७ ऑगस्ट २०१० रोजी बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया–३’ ही मालवाहू जहाजे बंदराच्या तोंडाजवळ एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले व सुमारे ८०० टन तेल सांडले. वाहणाऱ्या कंटेनरांमुळे वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. खारफुटी व मासेमारीलाही झळ बसली. ३० जानेवारी २०११ रोजी नौदलाची ‘विंध्यगिरी’ ही फ्रिगेट ‘नॉर्डलेक’ या मालवाहू जहाजाशी धडकून पेटली आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यालाच बुडाली.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला, इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून धडकली. यात १५ जणांचा मृत्यू झाला. येथे प्रश्न मोठ्या जहाजांच्या मार्गाचा नव्हता. गजबजलेल्या पाण्यात वेग आणि अंतर किती राखावे, हा होता. त्यानंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींतील प्रवाशांना जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले.

देखरेख

वाहतूक नियंत्रण केंद्र रडार, एआयएस ही स्वयंचलित ओळख प्रणाली आणि व्हीएचएफ रेडिओ यांद्वारे जहाजांवर लक्ष ठेवते. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टन व त्याहून अधिक ढोबळ टनभाराच्या जहाजांना एआयएस बंधनकारक आहे. लहान लाकडी नौका रडारवर अस्पष्ट उमटतात आणि एआयएस नसल्यास केंद्राच्या पडद्यावर त्यांची ओळख पटत नाही; त्यांच्याबाबत डोळ्यांनी ठेवलेली टेहळणी हाच मुख्य आधार राहतो. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असल्याने गर्दी ओसरते, पण त्याच महिन्यांत पावसाच्या सरींमुळे दृश्यमानताही सर्वांत कमी असते.