पाठभेद आणि पाठलोप

प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत मागाहून फेरफार व्हावा, ही गोष्ट मराठी वाङ्मयाला नवी नाहीं. ज्ञानेश्वरांनीं शके 1212 मध्यें, म्हणजे 1290 सालीं, नेवासें येथें गीतेवरील टीका सांगितली. पुढें सुमारें तीनशें वर्षें ती पोथ्यांतून उतरून घेतली जात होती. एकानें ओळ गाळावी, दुसऱ्यानें अवघड शब्दाच्या जागीं सोपा शब्द घालावा, तिसऱ्यानें भक्तिभरानें स्वतःची ओवीच मध्यें बसवावी, असें होतां होतां पाठ अशुद्ध झाला. शके 1506 मध्यें, म्हणजे 1584 सालीं, पैठणच्या एकनाथांनीं तो शुद्ध केला.

परंतु एकनाथांनीं हें काम गुपचूप केलें नाहीं. आपण काय केलें, कां केलें व कोणत्या शकांत केलें, हें त्यांनीं ग्रंथाच्या शेवटीं नमूद केलें. यापुढें जो यांत आपली ओवी घालील, तो अमृताच्या ताटांत नरोटी ठेवील, असेंहि बजावलें. तरीहि पुढें त्यांच्या पाठाविषयीं शंका निघाल्या. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 1909 सालीं, एकनाथांपूर्वींचा म्हणून, एक निराळा पाठ छापला. त्याच्या जुनेपणाबद्दल विद्वानांत मतभेद झाले. पण वाद घालणें शक्य झालें, तें दोन्ही पाठ समोर होते म्हणून. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें 1919 सालीं हातीं घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत हाच न्याय पाळला. स्वीकारलेला पाठ वर आणि न स्वीकारलेले पाठ खालीं, अशी ती छापली गेली.

जुनी प्रत उरली नाहीं म्हणजे काय होतें, तें चित्रपटाच्या इतिहासांत दिसतें. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजीं मुंबईस प्रदर्शित झाला, आणि 1917 सालीं त्यांनीं तेंच कथानक पुन्हां चित्रित केलें. आज पहिल्या चित्रपटाचा म्हणून जो भाग दाखवितात, तो वस्तुतः दुसऱ्याचा असावा, असें कांहीं अभ्यासक मानतात. मूळ चित्रपट समग्र उरला नसल्यामुळें शंका राहते.

आजचा फेरफार याहून निराळ्या जातीचा आहे. जुलै 2009 मध्यें ॲमेझॉन कंपनीनें ऑर्वेल यांचीं दोन पुस्तकें ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतलीं. विकणाऱ्याजवळ हक्क नव्हते, हें कारण खरें होतें, पैसेहि परत मिळाले, आणि कंपनीच्या प्रमुखानें माफीहि मागितली. पण विकत घेतलेल्या पुस्तकापर्यंत दुकानदाराचा हात पोहोंचतो, हें जगाला कळलें. 2023 सालीं रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांतील शेंकडों शब्द प्रकाशकांनीं बदलले. पूर्वीं विकल्या गेलेल्या विद्युत्-प्रतींतहि नवे शब्द उतरल्याचीं वृत्तें आलीं. लोकांनीं ओरड केल्यावर जुना पाठहि छापण्याचें प्रकाशकांनीं जाहीर केलें.

धाराशिव जिल्ह्यांतील लोहाऱ्यासारख्या गांवीं एखाद्या घरीं फडक्यांत बांधलेली पोथी असली, तर तिच्यांतील एक अक्षर बदलण्यासाठींहि त्या घराचा उंबरठा ओलांडावा लागे. त्याच गांवच्या वाचकाच्या फोनमधील पुस्तक आज साता समुद्रांपलीकडून बदलतां येतें, आणि घरांत कोणास चाहूलहि लागत नाहीं.

बदल करूंच नये, असा याचा अर्थ नव्हे. कांहीं जुने शब्द आज मुलांच्या हातीं देणें नकोसें वाटतें, आणि तें वाटणें रास्तहि असेल. मात्र जुन्या काळीं लोक कसे बोलत, कोणाला काय म्हणून हिणवीत, हें जाणण्याचें साधन तेच शब्द होत. ते मागमूस न ठेवतां पुसले गेले, तर पुढच्या इतिहासकाराला आपल्या पूर्वजांचे दोषहि सांपडणार नाहींत. 1954 च्या कायद्यानें छापील पुस्तकाची एक प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत देणें प्रकाशकांवर बंधनकारक केलें. बदलत्या विद्युत्-प्रतींचीहि अशीच प्रत्येक आवृत्ति, तारखेसह व कारणासह, ग्रंथालयांत जपली गेली पाहिजे. एकनाथांनीं साडेचार शतकांमागें जें हातानें लिहून ठेवलें, तें यंत्राला अवघड नाहीं.