समज्जापासून समाजमंदिरापर्यंत

आपल्या वस्त्यांतून ‘समाजमंदिर’ या नावाची एक वास्तू बहुधा असतेच. कोठे ती विहाराला लागून असते, कोठे विहार म्हणून तिचाच उपयोग होतो. नामकरण, मंगल परिणय, पुण्यानुमोदन, जयंतीची सभा आणि वर्षावासातील ग्रंथवाचन हे सारे त्याच एका छपराखाली पार पडते. या वास्तूच्या नावातील ‘समाज’ हा शब्द आज आपण लोकसमूह या अर्थाने योजतो. परंतु सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ अगदी निराळा होता. पालीतील ‘समज्ज’ आणि अशोकाच्या शिलालेखातील ‘समाज’ म्हणजे लोकांनी एकत्र जमून साजरा केलेला उत्सव, आजच्या भाषेत मेळा किंवा जत्रा. आबालवृद्धांनी विनामूल्य एकत्र यावे, पाहावे, ऐकावे आणि जेवावे अशा मेळाव्यांशी बौद्ध परंपरेचे नाते कसे राहिले, याचा मागोवा या शब्दाच्या आधारे घेता येतो. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

राजगृह नगरीत गिरग्गसमज्ज नावाचा उत्सव भरत असे. पाली अट्ठकथांनुसार उपतिष्य आणि कोलित हे दोघे मित्र तो पाहावयास गेले होते. हसण्याच्या प्रसंगी हसणारे आणि बक्षीस देण्याच्या प्रसंगी बक्षीस देणारे हे दोघे एके दिवशी उत्सव पाहता पाहताच अंतर्मुख झाले, कारण रंगमंचावरील आणि भोवतालची ही सारी माणसे काही काळाने नसतील हे त्यांच्या ध्यानी आले. हेच दोघे पुढे सारिपुत्त आणि मोग्गल्लान झाले. त्याच उत्सवाला षड्वर्गीय भिक्षू गेल्याची हकीकत चुल्लवग्गात आहे. लोकांनी तक्रार केली आणि भगवंतांनी भिक्षूंना नृत्य-गीत-वाद्य पाहावयास जाण्याची मनाई केली.

या नियमावरून बौद्ध धम्म हा उत्सवाचा वैरी आहे असा निष्कर्ष काढणारे विद्वान आहेत. त्यांचे म्हणणे मला पटत नाही. हा नियम भिक्षूंसाठी होता. गृहस्थाला केलेला उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे, आणि तेथे समज्जाचे जे सहा दोष सांगितले आहेत ते आज नाच कोठे, गाणे कोठे, ढोल कोठे, अशी विचारणा करीत भटकणाऱ्या माणसाचे आहेत. घर सोडून मेळ्यामागून धावण्याचा हा दोष आहे. एकत्र येण्याला तेथे दोष दिलेला नाही. उलट उपोसथाची उत्पत्ती पाहिली तर धम्मातील सभा ही लोकांच्या गरजेतूनच निर्माण झाली असे दिसते. इतर पंथांचे परिव्राजक चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या आणि अष्टमीला एकत्र जमतात, लोक त्यांना ऐकावयास जातात, हे पाहून बिंबिसार राजाने तथागतांना तशीच विनंती केली. भिक्षू जमले खरे, पण मौन धरून बसले. ऐकण्यासाठी आलेले लोक संतापले आणि मुक्या डुकरांसारखे काय बसलात असे म्हणाले. तेव्हा भगवंतांनी त्या दिवशी धम्म सांगण्याची अनुज्ञा दिली. महावग्गातील हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. सभेला आलेला सामान्य माणूस रिकाम्या हाताने परत जाण्यास तयार नव्हता, आणि त्याच्या तक्रारीने संघाची रीत बदलली.

परंतु ‘सर्वांसाठी’ असलेल्या या प्राचीन उत्सवांत सर्व म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मातंग जातकात आहे. वाराणसीच्या श्रेष्ठीची कन्या दिट्ठमंगलिका मोठ्या परिवारासह उद्यानक्रीडेला निघाली होती. तिच्यासोबतच्या जमावाला त्या दिवशी विनामूल्य अन्न आणि मद्य मिळावयाचे होते. वाटेत मातंग नावाचा चांडाळ तिच्या दृष्टीस पडला. अपशकुन झाला म्हणून तिने सुगंधी जलाने डोळे धुतले आणि ती माघारी वळली. मग जमाव मातंगावर तुटून पडला. तुझ्यामुळे आमचे फुकटचे खाणेपिणे बुडाले असे म्हणत लोकांनी त्याला बेशुद्ध होईपर्यंत मारले. शुद्धीवर आल्यावर मातंग श्रेष्ठीच्या दाराशी जाऊन पडून राहिला आणि सात दिवस हटला नाही, ही कथा पुष्कळांना ठाऊक आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की ज्या मेळ्यात कोणाकडूनही मोल घेतले जात नव्हते, त्या मेळ्याचे मोल एका माणसाने आपल्या देहाने चुकते केले.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे सम्राट अशोकाचा पहिला शिलालेख नीट उलगडतो. येथे कोणत्याही प्राण्याचा बळी देऊ नये आणि समाज भरवू नये, कारण राजाला समाजात पुष्कळ दोष दिसतात, अशी त्यात आज्ञा आहे. मात्र लगेचच पुढे, काही समाज राजाच्या मते चांगले आहेत, अशी पुस्ती आहे. दे. रा. भांडारकरांनी या दोन वाक्यांची संगती लावताना दोन प्रकारचे समाज मानले होते, एक मांसभोजनाचा आणि दुसरा नृत्य, गायन व खेळ यांचा. ‘येथे’ म्हणजे राजधानीत की संपूर्ण साम्राज्यात, यावरही मतभेद आहेत. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. अशोकाने मेळा मोडला नाही, त्यातील आशय बदलला, एवढे त्याच्याच इतर लेखांवरून सिद्ध होते. राज्याभिषेकानंतर बारा वर्षांनी कोरलेल्या चौथ्या शिलालेखात भेरीघोष आता धम्मघोष झाला असे सांगून विमाने, हत्ती, अग्निस्कंध आणि इतर दिव्य रूपे लोकांना दाखविल्याचा उल्लेख आहे. लोकांना डोळे भरून पाहण्यासारखे काही हवे असते हे या राजाला कळत होते. धौली आणि जौगड येथील स्वतंत्र लेखांत तर तिष्य नक्षत्राच्या दिवशी लेख वाचून ऐकवावा, आणि मध्यंतरी प्रसंग पडल्यास एकट्यादुकट्यालाही ऐकवावा, अशी आज्ञा आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ठरलेल्या दिवशी केलेले हे सामुदायिक वाचनच होय.

महाराष्ट्राच्या वाचकाने येथे सोपाऱ्याकडे वळावे. प्राचीन शूर्पारक बंदरात अशोकाचे चतुर्दश शिलालेख कोरलेले असावेत, परंतु आज त्यांचे केवळ दोन तुकडे उपलब्ध आहेत. आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे सापडला तो १९५६ मध्ये. नागपूरच्या दीक्षेचे वर्ष तेच, हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर काही उभारू नये. पण जे दोन लेख आपल्या वाट्यास आले ते नेमके कोणते, हे पाहण्यासारखे आहे. दोन्ही तुकडे अपुरे आहेत. मजकुराची पूर्तता गिरनार, कालसी आदी ठिकाणच्या प्रतींवरून करावी लागते.

आठव्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे मृगयेच्या विहारयात्रेस जात. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो स्वतः संबोधीस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या धम्मयात्रेत काय होत असे? श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांचे दर्शन आणि त्यांना सुवर्णदान, जनपदातील लोकांची भेट, धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी प्रश्नोत्तरे. वृद्धांना या यादीत स्वतंत्र स्थान आहे, आणि लोकांनी केवळ ऐकावयाचे नसून विचारावयाचेही आहे. शिकारीच्या यात्रेत या दोन्ही गोष्टींना जागा असणे शक्य नव्हते.

नववा लेख घरात शिरतो. आजारपण, मुलामुलींचे विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलकार्ये करतात, विशेषतः स्त्रिया पुष्कळ क्षुद्र विधी करतात, असे अशोक म्हणतो. (स्त्रियांवरच ठपका ठेवण्याची ही जुनी खोड सम्राटालाही सुटली नाही.) अशी कार्ये करावीत, पण त्यांचे फळ अल्प आहे. दास आणि सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांविषयी आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान हेच खरे धम्ममंगल. यानंतर जे येते त्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. हे मंगल करावे असे कोणी सांगावे? पित्याने, पुत्राने, भावाने, स्वामीने सांगावे. कालसीच्या प्रतीत मित्र, परिचित आणि शेजारी यांचीही भर आहे. येथे पुरोहिताचे नाव नाही. पुत्राचे मात्र आहे. ज्या समाजव्यवस्थेत उपदेश नेहमी वरून खाली उतरे, तेथे मुलाने बापाला आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगावे हे राजाज्ञेने नोंदविले गेले.

यानंतरच्या काळात महाराष्ट्रातील राजे समाज भरवीत होते याला नाशिकच्या लेण्यांत पुरावा आहे. गौतमी बलश्रीने भद्रायणीय भिक्षुसंघाला लेणे दान दिले, तेथील लेखात तिने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे गुणगान करताना त्याला उत्सव आणि समाज करविणारा म्हटले आहे. स्वतःची ओळख ती महाराजाची माता आणि महाराजाची आजी अशी करून देते. आजी, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्या एका भिंतीवर आलेल्या पाहून मन प्रसन्न होते. परंतु तीच प्रशस्ती अभिमानाने असेही सांगते की या राजाने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला. लेणे बौद्ध संघाला, उत्सव नगराला, आणि वर्णांच्या भिंती जशाच्या तशा! आपल्या लेण्यांचा अभिमान बाळगताना हे वाक्य वगळून पुढे जाणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. त्या समाजात मातंगाचे वंशज कोठे उभे असतील, याची कल्पना करणे कठीण नाही.

पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियानने पाटलीपुत्रात बुद्धमूर्तींच्या रथांची वार्षिक मिरवणूक पाहिली. सुमारे वीस रथ, रात्रभर दिवे आणि संगीत असे तिचे वर्णन त्याने केले आहे. त्याच नगरात दीनदुबळ्यांना व रुग्णांना फुकट औषधोपचार मिळत, याचीही त्याने नोंद केली. धम्माची ही परंपरा पुढे भारतात क्षीण झाली, आणि गावाच्या जीवनात उरली ती देवदेवतांची जत्रा.

त्या जत्रेत महार-मांगांच्या वाट्याला काय होते हे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्यांना विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. राबणूक गावाची, रेडा मरीआईचा, बसण्याची जागा वेशीबाहेर आणि जेवण उरलेले. बाबासाहेबांच्या चळवळीने ही कामे सोडावयास लावली तेव्हा माणसांच्या हातून केवळ अपमान गेला नाही, वर्षातला सणही गेला. ही पोकळी फार मोठी होती. तिचा विचार आपल्या इतिहासलेखनात क्वचितच होतो. ती भरून काढण्याचे काम प्रथम केले ते आंबेडकरी जलशांनी. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाची चौकट ठेवली आणि आतला आशय पालटला. ज्या तमाशाला घरच्या स्त्रियांना नेण्याची रीत नव्हती, त्याच्याच चौकटीतला हा जलसा मुलाबाळांसह पाहता येऊ लागला. अशोकाने समाजाचे जे केले तेच या शाहिरांनी तमाशाचे केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांना अशोकाचे लेख ठाऊक असोत वा नसोत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जो जनसमुदाय लोटला तो कुटुंबांचा होता. शुभ्र वस्त्रे नेसलेले म्हातारे, कडेवर लेकरे घेतलेल्या माता, शिदोरी बांधून आलेले शेतमजूर यांनी एकाच वेळी, एकाच उच्चारात दीक्षा घेतली. दोन दिवसांनी चांद्याला तेच झाले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याच्या मराठी अनुवादाने पुढे आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंतच्या तीन महिन्यांत वस्तीवस्तीतील विहारांत जे स्थान मिळविले, ते कोणत्याही राजाज्ञेने मिळालेले नाही. वाचन सायंकाळी, कामावरून माणसे परतल्यावर होते. प्रवेशाला मोल नाही, वर्गणी ऐपतीप्रमाणे, आणि समाप्तीच्या दिवशी खीर किंवा भोजन सर्वांना एकाच पंक्तीत. बहुतेक ठिकाणी हा सारा भार स्त्रियाच उचलतात. वाचणारा मात्र पुष्कळदा शाळकरी मुलगा किंवा मुलगी असते, आणि ऐकणाऱ्यांत पुढे बसलेली असते ती अक्षर न शिकलेली आजी. शब्द अडला तर शेजारचा सांगतो. प्रसंग अडला तर आजी आपल्या आठवणीतून सांगते. नवव्या लेखातील पुत्र आणि शेजारी येथे भेटतात.

अलीकडे काही ठिकाणी जयंतीचा सारा खर्च ध्वनिवर्धकांच्या भिंतींवर होतो, असे दिसते. त्या आवाजात तरुण नाचतात; तान्ही मुले आणि हृदयविकार असलेले वृद्ध त्या रात्री दारे लावून घरात बसतात. नाच वाईट म्हणून मी हे लिहीत नाही. ज्या मेळ्यात आजीला बसता येत नाही तो अर्धाच भरलेला असतो, इतकेच. त्याच वस्तीतील वर्षावासाच्या वाचनाला दहा माणसे असतात आणि कार्यकर्ते त्याची खंत करतात. त्यांनी धौलीचा लेख आठवावा. ऐकणारा एकटा असला तरी वाचावे, असे तेथे लिहिले आहे.

शेवटी एक विनंती. अनेक विहारांत वाचनाच्या नोंदी ठेवल्या जातात. कोणत्या दिवशी कोणी वाचले, खिरीचे दूध कोणी दिले, समाप्तीला किती पाने उठली, हे साध्या वह्यांत लिहिलेले असते. रंगकामाच्या वेळी या वह्या रद्दीत जातात. सोपाऱ्याच्या दगडाचे दोन तुकडे तरी उरले. कागदाचे तेवढेही उरत नाहीत. ज्यांच्याकडे अशा जुन्या वह्या असतील त्यांनी त्या विहाराच्या कपाटात सुरक्षित ठेवाव्यात आणि प्रत्येकीवर वस्तीचे नाव व वर्ष घालावे.