बरन

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्याच्या उत्तर भागात पसरलेला उघड्या चुनखडकाचा डोंगराळ प्रदेश. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी हा खडक साचला. पुढे हिमनद्यांनी त्याचा माथा खरवडला आणि किंचित आम्लधर्मी पावसाच्या पाण्याने त्याचे सांधे विरघळवून रुंद केले. म्हणून इथे सपाट पाषाणफरशी आणि तिच्यातल्या खोल, अरुंद भेगा दिसतात. पाऊस भरपूर, तरी जमिनीवर ओढे फारसे नाहीत; पाणी खडकात मुरून भूगर्भातून वाहते.

बरनचे उघडेपण सर्वस्वी निसर्गदत्त मानणे चूक आहे. हिमनद्यांनीच माती नेली, हा आक्षेप अंशतः खरा. पण हिमयुगानंतर इथे पाइन, हेझल आणि यू यांचे रान वाढले होते, हे गाळात टिकलेले परागकण सांगतात. नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी ते तोडायला सुरुवात केली. पोलनाब्रोनचे त्यांचे शिलास्मारक सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीचे आहे. झाडे गेल्यावर आधीच पातळ असलेली माती पावसाने भेगांत उतरली. त्या भेगांत आज हंसराजाच्या प्रजातीतला एक नेचा, जिभेसारख्या अखंड पानांचा दुसरा नेचा, प्रिमरोझ आणि रानॲनेमनी वाढतात. यांतल्या बऱ्याच वनस्पती एरवी रानाच्या सावलीतल्या. त्यांच्यावरून जुन्या रानाचा थेट निष्कर्ष मात्र काढू नये: नेच्यांचे बीजाणू वाऱ्याने कुठेही पोचतात, आणि भेगेतली दमट सावली त्यांना पुरते. निर्णायक साक्ष परागांचीच.

मग रान परत येऊ द्यावे, असे कोणी म्हणेल. इथे प्रश्न खरोखर अवघड होतो. उत्तर ध्रुवाजवळ व उंच पर्वतांवर आढळणारी ड्रायस, निळीभोर जेन्शियन आणि भूमध्य प्रदेशातले एक ऑर्किड इथे समुद्रसपाटीपासून फार उंच न जाता शेजारी फुलतात, ती मोकळ्या, चरलेल्या कुरणामुळे. इथले शेतकरी गुरे हिवाळ्यात डोंगरावर नेतात, कारण कोरडा चुनखडक उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो आणि गवत टिकते. गुरे वाळके गवत खातात व उन्हाळ्यापूर्वी खाली येतात, त्यामुळे फुलांना मोकळीक मिळते. ही चराई कमी झाली की हेझलची झुडपे पसरून फुलांना झाकतात. कुरणात घुसलेली कोवळी हेझल काढणे म्हणूनच योग्य ठरते. कड्यांच्या पायथ्याची शेवाळाने मढलेली जुनी हेझलराने मात्र त्या कुऱ्हाडीपासून कटाक्षाने दूर ठेवायला हवीत. तिथल्या दुर्मीळ बुरशी आणि दगडफुले मोकळ्या कुरणात जगू शकत नाहीत.