पेटीतल्या बाळाचे डोळे

कमी दिवसांचे बाळ पेटीत ठेवले की घरच्यांचे सगळे लक्ष त्याच्या वजनाकडे आणि श्वासाकडे लागते. डोळ्यांची आठवण उशिरा होते. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचायला गर्भातले जवळजवळ पूर्ण नऊ महिने लागतात. बाळ आधीच बाहेर आले तर त्यांची वाढ मध्येच अडते. काही आठवड्यांनी ती पुन्हा सुरू होते तेव्हा कधी कधी भलत्याच वाटेला लागते. या नव्या, कच्च्या वाहिन्यांच्या ओढीने पडदा सुटू शकतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. हा आजार म्हणजे ‘आरओपी’. बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. लेसरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने तो बहुधा रोखता येतो. मात्र उपचाराची गरज ठरल्यावर हाताशी दोन-तीन दिवसच असतात.

मुलांच्या नेत्ररोगनिदानात कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम सर्वांत पुढे गेले ते याच आजारात. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी न्यूझीलंडच्या दाराने आत नेतो, कारण तिथे यंत्राच्या आधी नोंदी आल्या. १९८६ या एका वर्षात देशभर जन्मलेल्या, १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास झाला. क्राइस्टचर्चचे ब्रायन डार्लो यांनी त्यातून आरओपीचे प्रमाण मांडले आणि ती बाळे तिशीला येईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. पुढे ऑकलंडमध्ये दृष्टिपटलाची रुंद छायाचित्रे काढून ती दूर बसलेल्या तज्ज्ञाने तपासण्याची पद्धत रुजली. ही छायाचित्रे साठत गेली, आणि यंत्राला शिकवायचे तर आधी असा साठा लागतो.

२०१९ मध्ये झॅकरी टॅन, समंथा सिमकिन, कोनी लाय आणि शुआन दाई यांनी ‘आरओपी डॉट एआय’ ही प्रणाली मांडली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड भागातल्या ६,९७४ छायाचित्रांवर ती घडवली होती. तिला एकच गोष्ट ओळखायची होती : वाहिन्या फुगून नागमोडी झाल्या आहेत का? डॉक्टर या अवस्थेला ‘प्लस’ म्हणतात. राखून ठेवलेल्या छायाचित्रांवर तिने ९६.६ टक्के रोगी आणि ९८ टक्के निरोगी छायाचित्रे बरोबर ओळखली. मग तिच्यासमोर बाहेरची ९० छायाचित्रे ठेवली. रोग ओळखण्याचे प्रमाण ९३.९ टक्क्यांवर टिकले. निरोगीला निरोगी म्हणण्याचे मात्र ८०.७ वर घसरले. शंभर निरोगी छायाचित्रांमागे आधी दोन चुकत होती, आता एकोणीस. संशोधकांनी हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले. विद्यार्थ्याने या विषयातला कोणताही निबंध वाचताना आधी हा दुसरा आकडा शोधावा.

यंत्राचे गुरू कोण, हेही विचारावे. २००७ मध्ये मायकल चियांग आणि सहकाऱ्यांनी २२ तज्ज्ञांना ३४ छायाचित्रे दाखवली. ‘प्लस’ आहे की नाही, एवढ्याच प्रश्नावर सगळ्यांचे एकमत झाले ते केवळ सात छायाचित्रांबाबत. गुरुजनांत मतभेद असतील तर शिष्य कोणाचे उत्तर पाठ करणार?

मराठी वाचकासाठी तिसरा प्रश्न अधिक जवळचा आहे. न्यूझीलंडमध्ये साधारणतः तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा १,२५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांची तपासणी होते. भारतात ही मर्यादा ३४ आठवडे आणि २,००० ग्रॅम आहे, कारण आपल्याकडे मोठ्या, वजनदार बाळांनाही हा आजार गाठतो. तिकडच्या नाजूक बाळांवर शिकलेल्या यंत्राने आपली बाळे पाहिलेलीच नसतात. म्हणून आयात केलेल्या प्रणालीची परीक्षा आपल्या जिल्ह्यातल्या छायाचित्रांवर घ्यावी लागेल. ती छायाचित्रे कोणाची, याचाही विचार हवा. ‘ते माना राराउंगा’ हे माओरींचे जाळे आपल्या समाजाच्या माहितीवर आपलाच अधिकार असावा, असे सांगते. ज्याला अजून बोलताही येत नाही त्याच्या डोळ्याचे छायाचित्र वापरताना ते ऐकण्यासारखे आहे.

अभियंत्यांनो, नवजात विभागात एक सकाळ घालवा आणि बाळाची पापणी उघडी धरून छायाचित्र घेणे किती अवघड असते ते पाहा. डॉक्टरांनो, यंत्राशी तुमचे मत जुळत नाही तेव्हा ते लिहून ठेवा. पुढच्या अभ्यासाचा तोच कच्चा माल आहे. आईवडिलांना एवढेच सांगणे, की यंत्र कितीही हुशार झाले तरी बाळ कॅमेऱ्यापर्यंत पोचल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. कमी दिवसांच्या बाळाची पहिली नेत्रतपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि फारच लहान असेल तर त्याहूनही लवकर. रुग्णालयातून घरी निघताना त्या तपासणीची तारीख कागदावर लिहून घ्या.