वत्सगुल्माची गळालेली वंशावळ

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने आपल्या धन्याची वंशावळ कोरविली ती पडवीबाहेरच्या भिंतीवर. आणि सुमारे चौदाशे पावसाळ्यांनी ती अशी काही खाल्ली की, गेल्या शतकापूर्वीच्या शतकात भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्यासारख्या धुरंधरांनी ती वाचावयास घेतली तेव्हा कित्येक जागी नावाची जेमतेम खूण उरली होती. गळालेली जागा ओळखीच्या नावाने भरण्याचा मोह विद्वानांनाही आवरत नाही. नंदिवर्धनच्या वाकाटकांची दानपत्रे हाताशी असल्याने एका झिजल्या नावाच्या ठिकाणी त्याच शाखेचा पृथिवीषेण वाचला गेला, आणि एक अख्खी राजशाखा कागदोपत्री नाहीशी झाली.

वाशीम गावी १९३९ साली चार पत्र्यांचा एक ताम्रपट उजेडात आला. तांब्याच्या सनदेची जपणूक मोठी शहाणपणाची असे: पत्रे कडीत ओवायचे, आणि घासाघाशीत मजकूर शाबूत राहावा म्हणून पहिल्या-शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी सोडायची. मजकूर निव्वळ दफ्तरी. वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, राजा विंध्यशक्ती आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी नांदीकट, म्हणजे नांदेडकडील, एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना इनाम देतो. सवलतींची कलमे प्राकृतात. परंतु दानाला वजन यावे म्हणून आरंभी संस्कृतात जी बाप-आज्यांची नावे घातली, त्यांत प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन आणि त्याचा पुत्र विंध्यशक्ती हा क्रम स्वच्छ होता. तो हाती घेऊन महामहोपाध्याय मिराशींनी अजिंठ्याची भिंत नव्याने वाचली व १९४१ मध्ये प्रसिद्ध केली: तेथेही सर्वसेनच होता, आणि पृथिवीषेणाच्या जागी विंध्यसेन. वराहदेवाला कीर्ती हवी होती, इनामदाराला जमीन. दोघांचे हेतू निराळे म्हणूनच एकाची साक्ष दुसऱ्याला उपयोगी पडली.

एक नोंद गळाली तर दुसरीवरून ती भरून काढण्याची ही सोय आता मुद्दाम केली जाते: हल्ली कचेऱ्यांच्या संगणकांत मजकूर अनेक हार्ड डिस्कवर वाटून, त्याच्या ताळ्याचा हिशेबही त्यांवरच विखरून ठेवतात. एक डिस्क गेली तर उरलेल्यांवरून तिचा मजकूर गणिताने परत काढता येतो. अशा एकेरी हिशेबात दुसरीही गेली की इलाज खुंटतो. १९८८ मध्ये बर्कलीच्या तिघा संशोधकांनी या युक्तीच्या निरनिराळ्या तऱ्हा व्यवस्थित मांडल्या. पुराणांनीही असाच एक ताळा राखला आहे. प्रवीराचे, म्हणजे प्रवरसेनाचे, चार पुत्र राजे होतील, असे ती सांगतात. नावे नाहीत, संख्या तेवढी. पैकी गौतमीपुत्राची शाखा पूर्वीच ठाऊक होती. वाशीमच्या पटाने दुसरी दिली. सर्वसेनाचे प्राकृत काव्य ‘हरिविजय’ मात्र गेले ते गेलेच. आनंदवर्धन-भोजादी साहित्यशास्त्रकारांच्या ग्रंथांतून त्याचे उल्लेख व अवतरणे तेवढी उरली. पुढे वाशीमजवळच्या हिस्सेबोराळ्याच्या शिलालेखाने शके ३८० हे साल देऊन त्याच वंशातील देवसेनाचा काळही पक्का केला. पुराणांच्या चारांपैकी उरलेल्या दोघांचा मात्र एकही पत्रा अद्याप कोणाच्या नांगराला लागलेला नाही.